जुनी व्हॅलेंटाइन कार्डं: संग्रहाची नव्यानं लावणी

इतके दिवस माझी कार्डं चित्रांप्रमाणे लावलेली होती. क्युपिड, म्हणजे पंखवालं बाळरूपी प्रेमदेव, एका खोक्यात, लहान मुलं दुसऱ्यात, फुलं-पक्षी तिसऱ्यात. बघायला छान वाटायचं, पण कार्डाच्या वयाचा त्यातून काही पत्ता लागत नव्हता. लाल हृदय आणि पंखवालं बाळ १८५० सालीही छापलं जात होतं आणि १९३० सालीही. म्हणून यंदा सगळी खोकी रिकामी केली आणि कागद, छपाई आणि बांधणी बघून नवी लावणी सुरू केली. निम्म्याहून जास्त काम झालंय. आता कार्ड हातात आलं की मी आधी ते उलटून पाठ बघते, चित्र नंतर.

सर्वांत जास्त वेळ जाळीदार कागदाच्या कार्डांनी घेतला. ही जाळी कशी तयार व्हायची हे कळलं की ती ओळखणं सोपं जातं. कागदावर साच्यानं उठाव द्यायचा आणि वर आलेला भाग घासून काढायचा, की तिथे भोकं पडतात. १८३४ साली लंडनच्या डॉब्ज कंपनीत जोसेफ ॲडनब्रुक यांना ही युक्ती सापडली असं मानलं जातं. दहापट भिंगाखाली माझ्याकडच्या एका जुन्या इंग्रजी कार्डाची भोकं बघितली, तर कडेला कागद पातळ होत गेलेला दिसतो आणि बारीक तंतू सुटलेले आहेत. शेजारी पुढच्या काळातलं, थेट साच्यानं कापलेलं कार्ड ठेवलं, तर त्याची भोकं अगदी स्वच्छ, एकसारखी. आणखी एक बघून ठेवा: डॉब्ज कंपनीचं नाव बऱ्याचदा कडेच्या नक्षीतच उठावात दडलेलं असतं. भागीदार बदलले तसं ते नावही बदलत गेलं, त्यामुळे 'डॉब्ज बेली' की 'डॉब्ज किड' एवढं वाचता आलं तरी काळ बराच आवळता येतो. प्रकाश समोरून नको, बाजूनं तिरपा टाका. अक्षरं उठून दिसतात.

याच खोक्यात अमेरिकन थरांची कार्डंही आली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या एस्थर हाउलंड यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस घरीच मुली-बायकांना हाताशी धरून हा उद्योग उभा केला. एकीनं चित्रं कापायची, दुसरीनं थर चिकटवायचे, अशी कामाची वाटणी. पांढऱ्या जाळीखाली चकचकीत रंगीत कागदाचा तुकडा ठेवून नक्षी उठवणं ही त्यांची खासियत. पण असं दिसणारं प्रत्येक कार्ड हाउलंड यांचंच असतं, ही समजूत मला पटत नाही. हीच धाटणी त्याच गावातल्या इतरांनीही वापरली, आणि १८८०च्या सुमारास हाउलंड यांचा धंदा ज्या जॉर्ज व्हिटनी यांच्याकडे गेला, तेही असंच काम करत होते. पाठीमागे छोटा लाल 'एच' असेल तरच मी हाउलंड असं नोंदवते. 'डब्ल्यू' असेल तर व्हिटनी. काहीच नसेल तर 'वूस्टर धाटणी' एवढंच. यामुळे माझ्या हाउलंड खोक्यातली बरीच कार्डं बाहेर गेली. नोंद खरी असणं मला जास्त मोलाचं वाटतं.

जर्मन छपाईच्या कार्डांना एक ठोस खूण मिळते. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, म्हणून अमेरिकेत विकायच्या कार्डावर 'जर्मनी' किंवा 'प्रिंटेड इन जर्मनी' असेल तर ते बहुधा त्यानंतरचं. खूण नाही म्हणजे कार्ड त्याआधीचं, असं मात्र उलटं धरू नका. खूण बऱ्याचदा कार्डाच्या उभ्या राहायच्या घडीवर असते आणि ती घडी तुटून गेलेली असते.

यातलं एक हलतं कार्ड मला फार आवडतं. छत्री घेतलेली मुलगी. खालची कागदी पट्टी सरकवली की छत्री कलते आणि डोळे बाजूला फिरतात. पाठीमागून बघितलं तर सगळी करामत एका कागदी तरफेची आहे, ती धातूच्या इवल्याशा रिव्हेटवर फिरते. डोळे म्हणजे चेहऱ्यामागे सरकणारी पट्टी, तिच्यावर दोन ठिपके. रिव्हेटभोवती कागदाला गंजाचं वलय धरलंय आणि तिथेच तो ठिसूळ झालाय, म्हणून आता ते फक्त नोंदीसाठी एकदा हलवलं, व्हिडिओ करून ठेवला आणि पुन्हा हलवणार नाही. पाठीवर पेन्सिलीनं लहान मुलाच्या गिचमिड अक्षरात नाव आहे. कोरी कार्डंच हवीत असं म्हणणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मला लिहिलेली जास्त प्रिय. कार्ड कुणाच्या तरी हातून कुणाच्या तरी हातात गेलं, याचा तोच एक पुरावा उरतो.

पोस्टकार्डांची लावणी चटकन झाली. अमेरिकेत १ मार्च १९०७पासून पाठीच्या डाव्या अर्ध्या भागात मजकूर लिहायला परवानगी मिळाली, ब्रिटनमध्ये १९०२मध्येच. त्याआधी पाठ फक्त पत्त्यासाठी असायची, म्हणून तेव्हाच्या कार्डांवर प्रेमाचे दोन शब्द चित्राच्या कडेनं कोंबलेले दिसतात. पाठ दुभागलेली की अखंड, एवढं बघून दोन गठ्ठे झाले.

नकली ओळखायला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक म्हणजे भिंग. जुन्या रंगीत शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, ठिपके वेडेवाकडे, एकावर एक चढलेले असतात. आजच्या छपाईत ते रांगेत, जाळीसारखे बसतात. दुसरी यूव्ही टॉर्च. साधारण १९५०नंतरच्या पुष्कळ कागदांत उजळपणासाठी घातलेलं रसायन निळसर-पांढरं चमकतं. चमकलं तर शंका घ्या; नाही चमकलं म्हणून जुनंच, असं मात्र नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च फिरवताना एका सुंदर कार्डाची दुरुस्तीही सापडली, डिंकाचा पट्टा वेगळ्याच रंगात दिसला. ते कार्ड संग्रहात राहील, नोंदीत दुरुस्तीसकट.

ठेवण्याची पद्धतही बदलली. पीव्हीसीच्या वास येणाऱ्या पाकिटांतून सगळी कार्डं काढून पॉलिएस्टरच्या पाकिटांत घातली, थरांच्या कार्डांमध्ये आम्लमुक्त पातळ कागद सरकवला. मधाच्या पोळ्यासारखा उघडणारा टिश्यू असलेली कार्डं मिटूनच, आडवी. टिश्यू चिकटलेला असेल तर ओढून उघडू नका, फाटलेलं पोळं पुन्हा जुळत नाही. चिकटपट्टी तर कुठेच नको.

आता उरलीत ती व्हिनेगर व्हॅलेंटाइन, म्हणजे टोमणे मारणारी, एका पेनीची भडक चित्रं. स्वस्त पातळ कागद, आणि मिळालेलं कार्ड कोण जपणार, त्यामुळे ती मुळातच कमी उरलीत. ब्रिटनमध्ये १८४० साली पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत आधीच पैसे भरून पत्र पाठवायची सोय, आली; त्याआधी टपालखर्च बहुधा घेणाऱ्यानं भरायचा, म्हणजे अपमानाचे पैसेही त्यालाच! माझ्याकडच्यांत काही चार घड्या घालून पाकिटाविना गेलेली आहेत. पत्ता आणि शिक्का त्याच कागदाच्या पाठीवर आहे, त्यामुळे टपालखुणांवरून त्यांची तारीख लावता येईल असं दिसतं. घड्यांवर चिरलेल्या दोन सोडून बाकीची पुढच्या नोंदीत येतील.