नियम आधी ठरवा
अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री केंद्रात मी एक हिवाळा काढला. तिथे मे अखेरीपासून जुलै अखेरीपर्यंत सूर्य उगवतच नाही. बर्फाचं वादळ सुटलं की बाहेर पडायची सोय नाही. मग उरतो कॅरम. घरी आपण राणीच्या कव्हरवरून इतकं भांडत नाही, पण तिथे त्यावर तासन्‌तास वाद रंगायचे. शेवटी नियम कागदावर लिहून भिंतीला लावले, सगळ्यांनी खाली सह्या केल्या. भांडून जाणार कुठे? सकाळी पोहे त्याच्यासोबतच खायचे असतात.

कागदाची कल्पना माझीच होती, आणि ती मी आपल्या शाळेतून नेली होती. उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची, तरी मधल्या सुट्टीपर्यंत मैदान तापलेलं. तिकडे जायला बंदी. सगळा वर्ग व्हरांड्यात. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, फुल्या मारायच्या, फोडलेले चार चिंचोके घ्यायचे की अष्टाचंग सुरू. चारही पांढरे पडले तर चार, एकही नाही तर आठ. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं की नाही, यावर रोज कल्ला. पीटीचे सर थांबून ऐकायचे, निकाल कधीच द्यायचे नाहीत. म्हणायचे, "डाव मांडायच्या आधी ठरवा रे, मधात नाही."

दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटाच्या तुरुंगाबद्दल पुढे वाचलं तेव्हा सरच आठवले. तिथल्या राजकीय कैद्यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरून फुटबॉल मिळवला, १९६९ मध्ये मकाना फुटबॉल असोसिएशन काढली. फिफाच्या नियमांनी साखळी सामने, आपलेच पंच, लेखी तक्रारी, त्यांच्या सुनावण्या! मंडेलांना वेगळ्या विभागात ठेवलेलं, त्यांना खेळता आलं नाही. उठण्या-बसण्यापासून सगळं दुसऱ्याच्या हुकमाने चालत असताना या माणसांनी स्वतः मान्य केलेले नियम पाळले. मला त्यातला हा भाग गोलांपेक्षा फार मोठा वाटतो. २००७ मध्ये फिफाने त्या असोसिएशनला मानद सदस्यत्व दिलं.

आजच्या शिक्षकांना एक विनंती. पारा पंचेचाळीसला टेकला आणि मैदान बंद झालं, तर मुलांसाठी खेळ आखून देऊ नका. खडू द्या, आणि त्यांचा कल्ला थोडा सहन करा.