युंकर्सचा पन्हळी पंख आणि मार्टिन केडिन यांची पुस्तके : तिसरी नोंद

मागच्या नोंदीच्या शेवटी युंकर्स ५२ या तीन इंजिनांच्या जुन्या जर्मन विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेलच्या धडाचे दोन्ही भाग जोडून झाले होते आणि पाठीवरच्या सांध्याचे काय करायचे, हा प्रश्न शिल्लक होता. पुढचे सात आठवडे त्या एका सांध्यातच गेले. हे विमान ड्युरालुमिनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, पन्हळी पत्र्याने मढवलेले असते. धडावर पन्हळी नाकाकडून शेपटीकडे धावतात, तर पंखावर पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे. गुळगुळीत विमानाचा सांधा पुट्टीने भरून त्यावर पॉलिश पेपर मारला की काम संपते. येथे पेपर फिरवला की सांध्याबरोबर पन्हळीही जाते. मी पहिल्या प्रयत्नात वैमानिकाच्या खोलीमागच्या पाच सेंटिमीटरांत चार उंचवटे घासून सपाट केले, आणि ते परत उभे करण्यासाठी स्प्रू (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा तुकडा) मेणबत्तीवर धरून केसासारखा ताणला, पेन्सिलीच्या रेघांवर त्याचा एकेक धागा ठेवला आणि ब्रशच्या टोकाने पातळ सिमेंटचा थेंब लावत तो चिकटवला. एक धागा बसला की दुसऱ्या दिवसापर्यंत शेजारच्या धाग्याला हात लावायचा नाही, एवढे पथ्य पाळले तर रेषा सरळ राहते. प्राइमरचा पहिला हात दिल्यावर दुरुस्ती डोळ्यांना दिसत नाही, फक्त बोटाला किंचित जाणवते.

नव्याने या कामाकडे वळलेल्यांसाठी सांगतो की मी साधे युंकर्स बांधत नसून मार्टिन केडिन यांचे युंकर्स बांधतो आहे. केडिन (१९२७–१९९७) हे अमेरिकन लेखक; त्यांनी एकीकडे दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांचा इतिहास सामान्य वाचकासाठी लिहिला आणि दुसरीकडे अंतराळ व यंत्रमानवाच्या विज्ञानकादंबऱ्या लिहिल्या. ते स्वतः वैमानिक होते. १९७५ मध्ये त्यांनी हे जुने विमान विकत घेतले, दुरुस्त करून उडते केले, त्याचे नाव ‘आयर्न ॲनी’ ठेवले आणि १९८४ मध्ये ते लुफ्तहान्साला विकले. विमानाचा त्याआधीचा प्रवासही एखाद्या कादंबरीला पुरेल असा आहे. १९३६ मध्ये जर्मनीत बांधणी, मग नॉर्वेतील सेवा, १९५७ नंतर इक्वेडोर, आणि तेथे कीटोच्या विमानतळावर अनेक वर्षे बेवारस पडून राहणे. युद्धानंतर नॉर्वेत त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हा दुसऱ्या, अधिक नव्या युंकर्सचे मुख्य भाग वापरले गेले, पण कागदोपत्री ओळख जुन्याच विमानाची राहिली. अवयव बदलले आणि माणूस तोच राहिला, ही कल्पना ज्यांच्या ‘सायबॉर्ग’ या सर्वांत गाजलेल्या कादंबरीचा गाभा आहे, त्या लेखकाकडे नेमके हेच विमान यावे, याचे मला पहिल्या दिवसापासून अप्रूप वाटत आले आहे.

इंजिनांच्या बाबतीत खोक्यातले भाग जसेच्या तसे चालत नाहीत. मूळ विमानावर बीएमडब्ल्यू १३२ इंजिने होती. केडिन यांनी त्यांच्या जागी प्रॅट अँड व्हिटनीची आर-१३४० वास्प बसवली. दोन्ही इंजिने नऊ सिलिंडरांची आणि हवेने थंड होणारी आहेत. शिवाय बीएमडब्ल्यूचे इंजिनच मुळात प्रॅट अँड व्हिटनीच्या हॉर्नेट इंजिनाच्या परवान्यातून विकसित झालेले असल्यामुळे हा बदल परका नव्हता, घराण्यातलाच होता. मॉडेल बांधणाऱ्याला दिसणारा मोठा फरक पंख्यांत आहे. युद्धकाळातल्या विमानाला दोन पात्यांचे पंखे असत आणि माझ्या खोक्यात तेच आहेत. लुफ्तहान्साकडे गेलेल्या या विमानाच्या छायाचित्रांत मात्र तीन पाती स्पष्ट दिसतात. ती मी जुन्या किटांच्या उरलेल्या भागांतून जमवत आहे. बाजूची दोन इंजिने सरळ पुढे न पाहता किंचित बाहेरच्या बाजूला वळलेली असतात, हेही ध्यानात ठेवावे. चिकटवताना ती डोळ्यांना चुकलेली वाटतात आणि हात आपोआप ती ‘सरळ’ करायला जातो. मी उजवे इंजिन असेच बिघडवले होते; सुदैवाने सिमेंट ओले असतानाच ते लक्षात आले.

आता या प्रकल्पाच्या मुख्य भागाकडे येतो. १९८१ मध्ये केडिन यांच्या या विमानाच्या एका पंखावर, उड्डाण सुरू असताना, एकोणीस माणसे उभी राहिली आणि तो विक्रम ठरला. हा प्रसंग मला मॉडेलमध्ये उभा करायचा आहे. पंखांचा एकूण विस्तार २९.२५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये ४०.६ सेंटिमीटर; मधले धड वगळले तर एका बाजूला साधारण १९ सेंटिमीटर उरतात. एकोणीस माणसांना एकोणीस सेंटिमीटर, म्हणजे माणशी एक सेंटिमीटर, आणि प्रत्यक्षात माणशी जेमतेम ७२ सेंटिमीटर. हा हिशेब कागदावर मांडेपर्यंत त्या प्रसंगाची दाटी मला कळली नव्हती. खांद्याला खांदा लावूनच ओळ बसते आणि इंजिनामागे तर एकाला दुसऱ्याच्या अर्धे मागे सरकावे लागते. पुतळे मी तांब्याची तार वाकवून त्यावर एम-सील चढवून बनवत आहे. प्रत्येकाची उंची २४ मिलिमीटरपेक्षा थोडी कमी. पहिले तीन पुतळे मी ताठ उभे केले होते आणि ते बसथांब्यावर उभे असल्यासारखे दिसत होते. चौथ्यापासून गुडघे वाकवले, धड वाऱ्याच्या दिशेने पुढे झुकवले आणि हनुवटी छातीकडे ओढली, तेव्हा कुठे वारा दिसू लागला. पहिले तीन मोडून पुन्हा करणार आहे.

हात कामात असताना वाचन मागे राहते, पण या काळात ‘सामुराई!’ आणि ‘सायबॉर्ग’ ही दोन पुस्तके लागोपाठ वाचून झाली. पहिले १९५७ चे. जपानी वैमानिक साबुरो साकाई यांची ही कहाणी केडिन यांनी फ्रेड साइतो यांच्यासमवेत लिहिली. ७ ऑगस्ट १९४२ रोजी पॅसिफिकमधील ग्वाडलकनाल बेटावर डोक्याला गोळी लागलेले साकाई, अर्धे शरीर लुळे आणि उजव्या डोळ्याने काही दिसत नसताना, आपले झीरो विमान सुमारे हजार किलोमीटर उडवत राबाउलच्या जपानी तळावर परत आणतात. दुसरे पुस्तक १९७२ चे. त्यात विमान कोसळून स्टीव्ह ऑस्टिन दोन्ही पाय, डावा हात आणि डावा डोळा गमावतो आणि यंत्राच्या अवयवांनी पुन्हा उभा केला जातो. यावरून निघालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत हात उजवा झाला आणि डोळा दूरचे पाहू लागला. कादंबरीत मात्र तो डोळा आंधळाच राहतो, त्यात फक्त एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो. मला हा आंधळा डोळा अधिक खरा वाटतो. मालिकेच्या सुरुवातीला दिसणारा अपघात प्रत्यक्षातला आहे: १० मे १९६७ रोजी कोसळलेले नासाचे एम२-एफ२ विमान. त्याचे वैमानिक ब्रूस पीटरसन वाचले, पण त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली.

या तिन्ही डोळ्यांकडे एकत्र पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की केडिन यांचा इतिहास आणि त्यांची विज्ञानकथा ही दोन वेगळी दालने नाहीत. यंत्र आणि मोडलेले शरीर एकमेकांना कसे सावरतात, हा एकच विषय ते दोन्हीकडे लिहितात, आणि कॉकपिटमधील कळा, सुया व पेडलांचे वर्णन करताना त्यांचा हात सर्वांत स्थिर असतो. पुरावा म्हणून मात्र हे लेखन जपून वापरावे. ‘सामुराई!’मध्ये साकाई यांना जखमी करणारी अमेरिकन विमाने ॲव्हेंजर प्रकारची म्हटली आहेत. नंतरच्या अभ्यासकांनी अमेरिकन नोंदी ताडून ती डॉन्टलेस या दुसऱ्या प्रकारची असल्याचे दाखवले. वाचकाला हा फरक किरकोळ वाटेल. आपल्याला तो किरकोळ नाही, कारण ॲव्हेंजरचा मागचा तोफची बंद, फिरत्या मनोऱ्यात बसतो आणि डॉन्टलेसचा उघड्या खुर्चीवर. त्या क्षणाचे मॉडेल करायचे ठरवले तर चुकीचे पुस्तक हाती धरून चुकीचेच विमान बांधले जाईल. कथेची लय आणि वैमानिकाची मनःस्थिती केडिन यांच्याकडून घ्यावी, विमानाचा प्रकार नोंदींवरून ठरवावा, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे.

आजची स्थिती अशी: धड व पंख जोडून प्राइमर झाला, मधल्या इंजिनाभोवतीचे अरुंद कडे बसले, बाजूच्या दोन इंजिनांची आवरणे अजून सुटी आहेत. पंखामागे वेगळी टांगलेली फळी बसवायची बाकी आहे. तिच्या नऊ आधारांपैकी दोन खोक्यातच मोडलेले निघाले, ते पितळी पत्रीतून कापून घ्यावे लागतील. पुतळे सात झाले, त्यांतले तीन बाद. रंगाला हात लावण्यापूर्वी एकोणीसही माणसे पंखावर कोरडी मांडून पाहणार आहे, कारण त्यांच्या पायांखालच्या पन्हळींत तार रोवण्यासाठी भोके पाडायची आहेत आणि ती रंगानंतर पाडली तर कडा उडतात. भोकांसाठी ०.४ मिलिमीटरचे ड्रिल आणले आहे. पन्हळीच्या खोलगटात ते घसरत नाही, उंचवट्यावर मात्र घसरते.