आमची वाटचाल: जमिनीवर बसून ऐकणाऱ्यांचे स्पीकर

आम्ही सांगलीत स्पीकर बनवतो. घरातले, देवळातले, भजनी मंडळाचे, शंभरेक माणसं बसतील अशा हॉलचे. मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंती आम्ही बनवत नाही आणि भाड्यानेही देत नाही. त्यात पैसा आहे हे माहीत आहे, पण नुसता दणका म्हणजे आवाज नव्हे, हे माझं ठाम मत आहे.

गिऱ्हाईक आलं की त्याला आतल्या खोलीत बसवतो. आधी त्याच्या आवडीचं काहीतरी लावतो, मग आमच्याकडचं. आमच्याकडचं म्हणजे इन्फेक्टेड मशरूम या इस्रायली जोडीचा 2009 साली आलेला 'लेजंड ऑफ द ब्लॅक शवरमा' हा अल्बम. भजनाचे स्पीकर घ्यायला आलेल्या माळकऱ्याला तुम्ही हे असलं ऐकवता, असं आम्हाला बरेच जण विचारतात. आमचा धंदा आज जसा आहे तसा होण्यात या अल्बमपेक्षाही तो ऐकताना लोकांनी जे केलं, जे बोलले, त्याचा वाटा मोठा आहे. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतो.

सुरुवात वडिलांनी केली. हरभट रोडला लागून एका बोळात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले, मग टेपरेकॉर्डर. मी शाळेतून आलो की टेपचे हेड स्पिरिटने पुसायचो आणि सैल झालेले पट्टे बदलायचो. पुढे स्पीकरची कामं वाढली. कागदी कोन फाटलेले, कॉइल जळालेले वूफर (जाड आवाजाचे मोठे स्पीकर) श्रावण लागला की ढिगाने यायचे, कारण पुढे गणपती. व्हॉइस कॉइल म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, तिची तार अंदाजाने गुंडाळून चालत नाही. एक वेढा दुसऱ्यावर चढला तर कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आणि आवाजात खरखर येते. वडील ती खरखर स्पीकर न लावताच ओळखायचे. दोन्ही अंगठ्यांनी कोन हलकेच आत दाबायचा, सोडायचा आणि कान जवळ न्यायचा. मी आजही तसंच करतो.

मग बाजारात स्वस्त होम थिएटर आली. दुरुस्तीच्या पैशांत नवीन मिळायला लागलं आणि दुरुस्तीचा धंदा बसला. कॉइल गुंडाळता येत होती, सुतारकाम करणारा मित्र शेजारीच होता. आम्ही स्वतःचे बॉक्स बनवायला घेतले. पहिली काही वर्षं चालली ती ओळखीपाळखीवर. लोक 'चांगलंय की' म्हणायचे आणि न्यायचे. पण 'चांगलंय की' ऐकून पुढचा बॉक्स कसा बनवायचा ते कळत नाही.

तो अल्बम दुकानात आला वालचंद कॉलेजच्या पोरांमुळे. विश्रामबागेत खोल्या घेऊन राहणारी इंजिनिअरिंगची पोरं. सुट्टीत गोव्याला जाऊन आलेली, हणजुणेच्या किनाऱ्यावर ट्रान्स ऐकून भारावलेली. "काका, हे जरा मोठ्यानं लावा ना."

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रान्स म्हणजे यंत्रांवर वाजवलेलं नाचाचं संगीत. नव्वदच्या दशकात हणजुण्याच्या पार्ट्यांमधून गोवा ट्रान्स वाढला, त्यातूनच पुढे सायकेडेलिक ट्रान्स, म्हणजे सायट्रान्स आला. मिनिटाला साधारण 140 ते 150 ठोके, थांबा नाही. प्रत्येक ठोक्याला किक, म्हणजे ढोलासारखा दणका, आणि दोन किकच्या मधल्या जागेत तीन बारीक बेस. त्यावर सिंथेसायझरचे सूर हळूहळू उघडत जातात. स्वर बऱ्याचदा कोमल रिषभाचे, आपल्या भैरवीच्या किंवा बसंत मुखारीच्या अंगाने जाणारे, त्यामुळे आपल्या कानाला ते पूर्ण परके वाटत नाहीत.

हा अल्बम मात्र त्या चाकोरीत राहत नाही. ट्रान्स चालू असताना मध्येच हेवी मेटलचं गिटार घुसतं, एका गाण्यात कोर्न या मेटल बँडचा गायक जोनाथन डेव्हिस येतो, पुन्हा यंत्रांचा खडखडाट. सगळ्यावर काळोखी छाया. त्या पोरांमध्येच दोन तट पडले. एक म्हणायचा, यांनी ट्रान्स सोडला, आता हे अमेरिकेतल्या रॉकवाल्यांसाठी वाजवतात. दुसरा म्हणायचा, तेच तेच किती दिवस वाजवायचं, अंधारात शिरायची हिंमत तरी केली. त्यांचं भांडण मी फार मन लावून ऐकायचो. एकच गाणं, एकाच खोलीत, आणि एकाला ते विश्वासघात वाटतं तर दुसऱ्याला सुटका.

पुढे मी तो अल्बम इतरांनाही लावून बघायला लागलो. बायको हिशेब बघायची, तिने एक वही केली. दोन रकाने: काय बोलले, काय केलं. दुसरा रकाना तिचाच विचार, आणि खरी किंमत त्यालाच आहे. 'छान आहे' म्हणणारा माणूस खुर्ची मागे सरकवतो. 'कसला गोंगाट' म्हणणारा पाय ठेक्यावर हलवत बसतो. हळदीच्या पेठेतले एक अडते पहिल्या दोन मिनिटांत उठून बाहेर गेले, दारात थांबले आणि गाणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. एक निवृत्त बाई, आयुष्यभर शाळेत गाणं शिकवलेल्या, त्या म्हणाल्या, "भीती वाटतीय, पण उठवत नाही हो." हे वाक्य वहीत जसंच्या तसं आहे. अंधारं संगीत नीट वाजलं तर असंच व्हायला हवं असं मला वाटतं. फुटक्या स्पीकरवर तेच संगीत नुसतं डोकं दुखवतं, भीती वाटत नाही.

आमचं काम खरं बदललं ते दोन माणसांमुळे.

पहिले तासगावकडचे एक पखवाजी, भजनी मंडळासाठी जोडी बघायला आलेले. सायट्रान्स हा शब्दही त्यांनी ऐकलेला नव्हता. अल्बम लावला तर डोळे मिटून मांडीवर बोटं चालवायला लागले आणि थोड्या वेळाने थांबले. "भाऊ, वाजवणारा सफाईनं वाजवतोय, पर ह्याचं बोल एकमेकाला चिकटाय लागल्यात. मधली जागा जातीया कुठं?"

मी हिशेब मांडला. 145 च्या लयीत एका ठोक्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग सेकंदाचा दहावा हिस्सा. तेवढ्या वेळात बेस वाजून विझायला हवा, तरच पुढचा वेगळा ऐकू येतो. आमचा बॉक्स भोक ठेवलेला, म्हणजे पोर्टचा. पोर्टमुळे बेस भरदार होतो, पण तो लगेच थांबत नाही, घुमत राहतो. त्यात आमची खोली रुंदीला सव्वाअकरा फूट. एवढ्या अंतरात समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोबर 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांची लाट अडकते, आणि या संगीतातला बेस त्याच्याच आसपास असतो. म्हणजे बॉक्स घुमतोय आणि वर खोलीही घुमतेय. साध्या सिनेमाच्या गाण्यात हे कळत नाही, तिथे दोन बेसच्या मध्ये भरपूर जागा असते. पखवाजात मात्र हेच होतं: धुमाळी तालाच्या अंगाने डावी बाजू वाजायला लागली की बोल गिचमिड होतात. म्हणून भजनी मंडळांसाठी आम्ही बंद बॉक्स बनवायला घेतला. बेस थोडा कमी, पण वेळेवर थांबणारा. खोलीच्या कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या. ते पखवाजी पुन्हा आले, पुन्हा तेच गाणं लावायला लावलं, आणि शेवटपर्यंत बोटं चालवत राहिले. जोडी घेऊन गेले.

दुसरे मिरजेचे चाचा. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवणारी घराणी आहेत. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचा त्यांतल्याच एका घरातले, वडिलांच्या वेळेपासूनचे गिऱ्हाईक. दुरुस्तीला टाकलेला जुना टेपरेकॉर्डर न्यायला आले होते. मी अल्बम लावलेला होता. खुर्ची दिली तर नको म्हणाले, जमिनीवर मांडी घातली आणि भिंतीला टेकले.

त्यांना ठेका नको होता. गिटार आलं की हात झटकायचे. पण सिंथेसायझरचा एक लांब सूर हळूहळू उघडत वर चढतो तिथे त्यांनी मला पुन्हा मागे घ्यायला लावलं. "बेटा, ही जवारी आहे," म्हणाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तो बरोबर जागी आला की तार घोडीला हलकेच घासते आणि एका सुरातून वरचे सूर एकामागून एक उमलतात. सिंथेसायझरच्या फिल्टरची मूठ फिरवली की नेमकं तेच होतं. आत असलेलेच स्वरांश एकेक करून उजळत जातात. मुंबईच्या चरणजित सिंगांनी तर 1982 मध्येच असल्या यंत्रावर राग वाजवून रेकॉर्ड काढली होती, तेव्हा ही ओळख नवी नाही. पण मला ती सांगितली ती तंबोरा घडवणाऱ्या माणसाने, आणि पुढे लगेच म्हणाले, "पण वर चढताना मधली एक पायरी गळतीय."

मी खुर्चीवर बसून ऐकलं, मला पायरी गळताना ऐकू आली नाही. चाचांच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि आली. वूफर आणि ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) यांच्यात साधारण 2,500 हर्ट्झवर काम वाटलेलं असतं. त्या पट्टीत दोघेही एकाच वेळी वाजतात. दोघांच्या मध्ये नऊ इंचांचं अंतर, बॉक्स टेबलावर, कान खाली जमिनीजवळ. मग एकाचा आवाज दुसऱ्यापेक्षा थोडा लांबून येतो. 2,500 हर्ट्झच्या लाटेची लांबी जेमतेम पावणेचौदा सेंटिमीटर. फरक त्याच्या निम्मा, म्हणजे सात सेंटिमीटरच्या आसपास झाला की दोघे एकमेकांना खोडतात आणि तेवढ्याच जागी खड्डा पडतो. खुर्चीवरच्या माणसाला तो लागत नाही. साध्या गाण्यातही तो झाकला जातो, कारण एकाच वेळी खूप काही वाजत असतं. सूर एकेक पट्टी ओलांडत संथपणे वर जातो तेव्हाच तो सापडतो, आणि तेही ऐकणारा तसल्या कानाचा असेल तरच.

आपल्याकडे मन लावून ऐकणारी माणसं जमिनीवर बसतात. भजनाला सतरंजी, बैठकीला गादी, मिरजेच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीत सभेतही श्रोते खालीच. स्पीकर मात्र सगळे सोफ्यावर बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीने बनतात, परदेशी बनावटीचेही आणि इथलेही. आम्ही ट्विटर वूफरच्या जितका जवळ आणता येईल तितका आणला, बॉक्स बुटका केला आणि चेहरा किंचित वर वळवला. मांडी घातलेल्या माणसाच्या कानाशी दोघांचं अंतर सारखं पडेल एवढाच. आज आमच्याकडे सर्वात जास्त खपतो तो हाच नमुना. चाचांनी पहिली जोडी तपासताना स्वतःचा तंबोरा आणला होता. एकदा तंबोरा, एकदा तोच रेकॉर्ड करून स्पीकरवर, मग पुन्हा तो अल्बम. पायरी आली, असं सांगून त्यांनी टेपरेकॉर्डरच्या दुरुस्तीचे पैसे काढले. मी घेतले नाहीत.

या जिल्ह्याला असल्या कानांची परंपरा आहे, याचा मला अभिमान आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी शंभरेक वर्षांपूर्वी श्रुती, म्हणजे सप्तकातली बारीक स्वरांतरं, मोजायला घेतल्या तेव्हा याच अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा सोबतीला होता. मोजपट्टी आणि कान दोन्ही लागतात. आमच्याकडे आता मोजायचा माइक आहे, संगणकावर आलेख निघतो. पण कुठे मोजायचं ते अजून माणसंच सांगतात.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 ची. दुकानात पाणी कमरेच्या वर होतं. बॉक्स एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे; तो पाण्यात बिस्किटासारखा फुगतो, सगळे तयार बॉक्स गेले. वूफरचे चुंबक धुऊन वाळवले, कोन टाकून दिले. बायकोने वही आधीच माळ्यावर टाकली होती, ती वाचली. ज्या भजनी मंडळांकडे आमच्या जोड्या होत्या त्यांनी पुढच्या ऑर्डरचे पैसे आधीच आणून दिले, त्यावर आम्ही उभे राहिलो. तेव्हापासून बॉक्स मरीन प्लायचे, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचे. महाग पडतात, वजनाला जड, पण आवाजातही फरक पडला आणि तो चांगल्या बाजूने पडला.

ती वालचंदची पोरं आता पुण्या-बंगळुरात आहेत. 'यांनी ट्रान्स सोडला' म्हणणाऱ्याने गेल्या दिवाळीत बुटकी जोडी नेली. ऐकायला बसला आणि तोच अल्बम लावायला सांगितला. गिटार अजूनही खटकतं म्हणाला, पण त्याखाली बेसची एक ओळ चालते ती तेव्हा ऐकूच आली नव्हती. वहीत दुसऱ्या रकान्यात लिहिलंय: सबंध गाणं मान खाली, शेवटी पुन्हा लावलं.

सध्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीसाठी याच नमुन्याची लहान जोडी चालू आहे, पाच इंची वूफरची. बेस अजून मनासारखा थांबत नाही. नमुना आतल्या खोलीत सतरंजीसमोर ठेवलाय. रविवारी दुपारी येऊन ऐका, स्वतःचं गाणं घेऊन या, आणि जे खटकेल ते स्पष्ट सांगा.