एका ‘मुळे’चे तीन तुकडे

चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून नुकतीच लागले होते. बंद पडलेली लाइन दोन तासांत सुरू झाली आणि आमचे फिटर काका मोकळ्या मनानं म्हणाले, “साहेबांमुळे लवकर सुरू झाली.” मी लगेच कोरियनमध्ये सुरुवात केली, “पुजांगनिम त्तेमुने...” पुजांगनिम म्हणजे विभागाचे मोठे साहेब. त्यांचा चेहराच उतरला. काका आपली तक्रार करताहेत असं त्यांना वाटलं.

‘त्तेमुने’ म्हणजे ‘मुळे’, एवढंच मी घोकलं होतं. पावसामुळे उशीर झाला, कामामुळे येता आलं नाही, इथं ते बिनघोर चालतं. माणसाला जोडलं की मात्र बोट दाखवल्यासारखं ऐकू येतं. कुणामुळे चांगलं झालं असेल तर ‘तॉक्पुने’ म्हणायचं. त्यातला ‘तॉक’ म्हणजे सद्गुण, म्हणून मला ते आपल्या ‘तुमच्या पुण्याईनं’च्या अगदी जवळचं वाटतं. कोरियन माणूस “कसे आहात?” या प्रश्नालाही “तॉक्पुने, मजेत आहे” असं सहज म्हणतो. आणि वाईट झालं तर ‘थासे’. माझी आजी म्हणायची, “दारूपायी घर बुडालं.” तो ‘पायी’ आठवला आणि थासे कायमचं डोक्यात बसलं.

म्हणजे कारण सांगताना त्याच्याबद्दल मनात काय आहे, हेही सांगावं लागतं. मराठीत ‘मुळे’च्या आड ते झाकून ठेवता येतं, तिथं अवघड जातं.

नामांचंही मला फार कौतुक आहे. ‘क्यॉल्ग्वा’ म्हणजे जे निघालं ते: परीक्षेचा निकाल, रक्ततपासणीचा रिपोर्ट. ‘ह्योग्वा’ म्हणजे औषधाला येतो तो गुण. कष्टानं मिळवलेलं यश म्हणजे ‘सॉङ्क्वा’. तिन्हींच्या शेवटी एकच चिनी अक्षर आहे, अर्थ फळ. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत संस्कृत ‘फल’साठी हेच अक्षर वापरलं गेलं. हे कळलं त्या रात्री मी वहीत तिन्ही शब्दांसमोर नुसतं ‘फळ’ लिहून ठेवलं. पण सगळ्यांत आवडता शब्द ‘यॉङ्ह्यांग’, म्हणजे प्रभाव. त्यातली दोन अक्षरं सुटी केली तर एक सावली, दुसरं पडसाद. एखाद्याची सावली आपल्यावर पडते, त्याचा आवाज आपल्यात घुमत राहतो. प्रभाव याहून नेमका कसा सांगणार?

त्या दिवशी मी पुजांगनिमना थांबवून वाक्य तॉक्पुनेनं पुन्हा सांगितलं. ते हसले, काकांपुढे किंचित वाकले आणि लाइनकडे बघत म्हणाले, “पोरामी इन्नेयो.” ‘पोराम’ला शब्दकोशात लांबलचक अर्थ दिलाय. मला मात्र क्षणभरही शोधावं लागलं नाही.

“काका,” मी म्हटलं, “साहेब म्हणताहेत, कष्टांचं चीज झालं.”