आमच्या पोलिश कोंबड्या, म्हणजे डोक्यावर फुलकोबी!

पोलिश कोंबडी बघितली की लोकांचा पहिला प्रश्न, अगं हिचं तोंड कुठंय? डोक्यावरचा पिसांचा तुरा इतका दाट की डोळेच दिसत नाहीत, आणि तिलाही समोरचं धड दिसत नाही, त्यामुळे इथे ओहायोत बॅकयार्डवर ससाणा घिरट्या घालायला लागला की बाकीच्या कोंबड्या धूम ठोकतात आणि या बायका निवांत माती उकरत बसतात. वरून जाळी मस्ट आहे. उचलायच्या आधी हाक मारायची, नाहीतर अशी दचकते की विचारू नका.

नाव पोलिश असलं तरी सतराव्या शतकातल्या डच चित्रांत ही दिसते. पिल्लू बाहेर येतं तेव्हाच टाळूवर टेंगूळ असतं, तिथलं हाड नाजूक, म्हणून दांडगट कोंबड्यांबरोबर ठेवू नका, त्या तुरा उपटतात आणि एकदा रक्त दिसलं की सगळ्या तुटून पडतात. उवाही तुऱ्यातच लपतात.

शोचं, म्हणजे कोंबड्यांच्या प्रदर्शन-स्पर्धेचं, प्रकरण वेगळंच. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या १८७४ च्या स्टँडर्डपासून, म्हणजे कोणती जात कशी दिसायला हवी हे सांगणाऱ्या पुस्तकापासून, ही जात त्यात आहे. मादीचा तुरा गोल गच्च हवा, नराचा मागे झुकलेला, झिपऱ्यांसारखा. शोच्या आधी कोमट पाण्यात बेबी शॅम्पूने अंघोळ, मग हेअर ड्रायर, आणि बाईसाहेब डोळे मिटून शांत! घरच्या घरी मात्र डोळ्यावरची पिसं रबराने वर बांधतो. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि म्हणाली, अगं, हिला शेंडी काय घातलीस?

अंडी पांढरी देते, पण उबवायला बसेल तर शपथ.