आमची वाटचाल : पेटीवरून प्लॉटपर्यंत

जीएसटी आला त्या 2017 सालात आम्ही पॅकहाऊसवाल्यांना, म्हणजे निर्यातीची द्राक्षं निवडून पेटीत भरणाऱ्यांना, बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला लागलो, तेव्हा ग्राफ डेटाबेस (वस्तू आणि त्यांच्यातली नाती साठवणारा डेटाबेस) हा शब्द ऑफिसात कुणी उच्चारलाही नव्हता. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात फिरायचं, मालकाला गाठायचं, चहा घ्यायचा आणि रिटर्न कसं भरतात ते दाखवायचं, एवढाच धंदा. पण कुठेही जा, बिलिंगचा डेमो संपला की मालक एकच विचारणार, "ते सगळं ठीक ए हो, पण पेटीवरून प्लॉट सापडेल का?" म्हणजे हातातल्या पेटीतली द्राक्षं कुठल्या बागेतली, हे सांगता येईल का.

हा प्रश्न कुठून येतो ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. 2010 साली युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरतात त्या, आपल्याकडे सीसीसी म्हणतात त्या औषधाचे अंश सापडले, कंटेनर अडकले, आणि नाशकातल्या बऱ्याच घरांत ते साल अजून विसरलेलं नाही. युरोपचा अन्न कायदा, 178/2002, सांगतो की माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला हे प्रत्येकाला दाखवता आलं पाहिजे. शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था अपेडा, तिची ग्रेपनेट ही ऑनलाइन नोंदव्यवस्था 2006 पासून आहे, प्लॉटची नोंदणी, लॅबचा रिपोर्ट, ॲगमार्कचा दर्जाचा दाखला, फायटो म्हणजे रोगकीडमुक्तीचा दाखला, सगळं त्यातून जातं, आणि ते चांगलंच काम आहे. पण पॅकहाऊसच्या चार भिंतींच्या आत कुठला क्रेट कुठल्या टेबलावर गेला, कुठली पेटी कुठल्या पॅलेटवर चढली, हे प्रत्येकाच्या आपापल्या रजिस्टरात. ते रजिस्टर आम्ही करायला घेतलं आणि बिलिंग मागे पडलं.

सुरुवात पोस्टग्रेस या नेहमीच्या तक्त्यांच्या डेटाबेसवर, सरळ टेबल, प्रत्येक घटनेला वेळ, वेळेनुसार सॉर्ट केलं की झाला क्रम. खुडा, क्रेट, वजन, ग्रेडिंग, पनेट (छोटा डबा), पेटी, पॅलेट (पेट्या रचायची फळी), प्रीकूलिंग, कोल्ड स्टोरेज, रीफर म्हणजे थंड कंटेनर, न्हावा शेवा बंदर. कागदावर ही सरळ रेघ दिसते पण प्रत्यक्षात रेघ कुठेच सरळ नसते. एका प्लॉटचे क्रेट तीन टेबलांवर जातात, दोन प्लॉटच्या पेट्या एका पॅलेटवर येतात, आणि कोल्ड स्टोरेजला पोचल्यावर ग्राहकाला दुसरं पॅकिंग हवं असतं म्हणून पॅलेट फोडून रिपॅकिंग होतं, कधी कधी दोनदा. म्हणजे मागे किती पायऱ्या जायचंय हे आधी माहीतच नसतं. पोस्टग्रेसमध्ये रिकर्सिव्ह क्वेरीने, म्हणजे स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत मागे जाणाऱ्या शोधाने, हे होतं, होत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण रिपॅकिंगचे प्रकार वाढले तशी आमची क्वेरी इतकी लांब झाली की तिला हात लावायला कुणी तयार होईना.

मग निओफोरजे हा ग्राफ डेटाबेस घेतला. मूळ स्वीडनमधल्या लोकांनी सुरू केलेलं, 1.0 आलं 2010 ला, त्याची सायफर ही शोध लिहायची भाषा वाचायला सोपी, वस्तू गोल कंसात आणि त्यांच्यातलं नातं बाणाने, आमच्या ऑफिसातला नवा मुलगाही लवकर लिहायला लागला. पण सॉफ्टवेअर टाकलं म्हणजे मॉडेल होत नाही, खरी डोकेफोड पुढे होती.

पहिला वाद होता की घटना म्हणजे नातं की वस्तू. सगळ्यात सोपं म्हणजे क्रेटपासून पेटीपर्यंत एक बाण काढायचा आणि वेळ त्या बाणावरच लिहायची. पण एका ग्रेडिंगमध्ये क्रेट असतात, पेट्या असतात, टेबल असतं, सुपरवायझर असतो, आणि बाणाला टोकं दोनच. शिवाय बाणाला दुसरा बाण जोडता येत नाही, म्हणजे 'या घटनेनंतर ती घटना' हे सांगायची सोयच उरत नाही. म्हणून प्रत्येक घटना हा स्वतंत्र नोड, म्हणजे ग्राफमधली एक वस्तू. बारकोडवाल्या जीएस१ संस्थेचं ईपीसीआयएस हे मालाचा माग नोंदायचं स्टँडर्डही घटनेलाच केंद्र धरतं, ते वाचल्यावर आमचा वाद मिटला.

दुसरा वाद क्रमाचा, आणि माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथेच आहे. वेळ लिहिली की क्रम कळतो असं सगळ्यांना वाटतं. बागेत नेटवर्क नसतं. सुपरवायझरचा फोन सकाळी खुड्याच्या नोंदी धरून ठेवतो आणि संध्याकाळी गावात आला की सोडतो, तोवर त्याच क्रेटचं ग्रेडिंग होऊन पेट्या थंड व्हायला गेलेल्याही असतात. त्यात एखाद्याच्या फोनचं घड्याळच पुढे. आता सॉर्ट करा बरं, आधी पेटी भरली आणि मग द्राक्ष खुडलं असं दिसणार, आणि ऑडिटवाला नेमकं तेच पान उघडणार. म्हणून आम्ही घडल्याची वेळ वेगळी ठेवतो, सर्व्हरला पोचल्याची वेळ वेगळी ठेवतो, आणि क्रम या दोन्हींवर न सोडता 'नेक्स्ट' नावाच्या नात्याने बांधतो. दवाखान्यात गेल्यावर आपण विचारतो ना, शेवटचा नंबर कुणाचा, आणि त्याच्या मागे बसतो, तसंच. प्रत्येक लॉटला (एकत्र हाताळल्या जाणाऱ्या मालाला) एक 'शेवटची घटना' असा बाण असतो, नवी घटना आली की जुन्या शेवटच्या घटनेपासून नवीला नेक्स्ट जोडायचं आणि तो बाण नवीवर सरकवायचा. उशिरा आलेली घटना मध्ये घालायची तर एक नेक्स्ट तोडायचा आणि दोन जोडायचे, आणि कुठे घालायची हे घड्याळाने नाही तर कामाच्या नियमाने ठरतं, खुडा हा ग्रेडिंगच्या आधीच असणार, फोन काहीही म्हणो.

यात एक मेख आहे. दोन फोन एकाच क्षणी एकाच लॉटला घटना जोडायला आले तर दोघांनाही तीच शेवटची घटना दिसते आणि साखळीला दोन शेपट्या फुटतात. उपाय साधा आहे, आधी लॉटच्या नोडवरच काहीतरी लिहायचं म्हणजे त्यावर लॉक बसतं, दुसरा थांबतो, आणि मगच शेवटचा बाण वाचायचा. वाचून मग लॉक करणारा कोड मी इतरांच्या प्रोजेक्टमध्ये पाहिलाय, टेस्टिंगला छान चालतो, सीझनला नाही.

आणि सगळ्या पॅकहाऊसची मिळून एकच साखळी करू नका. निफाडच्या प्लॉटचा खुडा आधी की दिंडोरीच्या, याला काही अर्थच नाही जोपर्यंत ते एका पॅलेटवर येत नाहीत. प्रत्येक लॉटची आपली साखळी, आणि जिथे माल एकत्र येतो तिथे एक घटना जिच्या मागे दोन-तीन बाण. मग पेटीचा क्यूआर स्कॅन करून मागे मागे जायचं की प्लॉट सापडतो, आणि प्लॉटवरून पुढे गेलं की त्याचा माल कुठल्या कंटेनरमध्ये गेला तेही त्याच नात्यांवरून निघतं, फक्त बाण उलटा वाचायचा.

फवारणीची डायरी अशीच, गोडी छाटणीपासून खुड्यापर्यंत प्लॉटची साखळी. खुड्याच्या नोडवरून मागे जात प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी गाठायची आणि खुड्याआधीचे दिवस पुरेसे सुटलेत का बघायचं. बागाईतदारांना यातलं बाकी काही नको असतं, त्यांना फक्त लाल की हिरवं एवढंच हवं.

शोध घेताना नात्याचं नाव द्यायलाच हवं, हे मात्र नव्या मुलांना घोकून सांगतो. कुठल्याही नात्याने कितीही पायऱ्या जा असं म्हटलं की क्वेरी पेटीवरून लॉटवर, लॉटवरून 'थॉमसन' या वाणाच्या नोडवर आणि तिथून अख्ख्या तालुक्याच्या द्राक्षावर पोचते. तारखेचे नोड करायचा मोहही तसाच, साल, महिना, दिवस असं झाड छान दिसतं, पण फेब्रुवारीतल्या एकेका दिवसाला इतक्या घटना लटकतात की तो नोडच जड होऊन बसतो. तारखेला साधा इंडेक्स पुरतो.

खर्चाचं म्हणाल तर आम्ही निओफोरजेच्या फुकट कम्युनिटी एडिशनवर आहोत. त्यात चालू डेटाबेसचा बॅकअप मिळत नाही, बंद करून डंप, म्हणजे पूर्ण प्रत, घ्यावा लागतो, आणि सीझनला पॅकहाऊस रात्रीही चालू. म्हणून मूळ नोंद आजही पोस्टग्रेसमध्येच जाते, तिथे ती बदलत नाही, चूक झाली तर दुरुस्तीची वेगळी घटना येते, आणि ग्राफ त्यावरून केव्हाही परत उभा करता येतो. पैसे आणि स्टॉकही पोस्टग्रेसमध्येच. छोटं पॅकहाऊस असेल, रिपॅकिंग नसेल, तर मी स्वतः सांगतो की ग्राफ नको, उगाच एक सर्व्हर सांभाळत बसाल. 2024 मध्ये जीक्यूएल हे ग्राफ डेटाबेसच्या भाषेचं आयएसओ स्टँडर्ड आलं आणि ते सायफरच्या बरंच जवळचं आहे, त्यामुळे एकाच कंपनीच्या दावणीला बांधलं जायची भीती थोडी कमी झाली.

सध्या सांगोल्याकडचे डाळिंबवाले विचारतायत. तिथे हिशोब बहाराचा, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामाचा, मृग, हस्त की आंबे, आणि तोडणी एकदम होत नाही, एकाच प्लॉटमधून माल टप्प्याटप्प्याने निघतो आणि मध्ये परत फवारणीही होते. म्हणजे एका फवारणीच्या साखळीतून वेगवेगळ्या जागी तोडणीचे फाटे फुटणार, आणि प्रत्येक फाट्याला शेवटची फवारणी वेगळी. द्राक्षाचं मॉडेल तसंच्या तसं उचलून चालणार नाही, त्यावर काम चालू आहे.