आग्वादचा जुना दीपस्तंभ, तीन दिवस आणि पांढरा रंग

जानेवारीत तीन दिवस गोव्यात होते आणि तिन्ही दिवस एकाच दीपस्तंभासमोर बसले. आग्वादच्या किल्ल्यातला जुना दीपस्तंभ, १८६४ सालचा. मूळ बेत वेगळा होता. आग्वादपासून सुरुवात करून वर रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यापर्यंत जात जात चार-पाच दीपगृहं तैलरंगात करायची, असं ठरवून यादीही केली होती. ती यादी पहिल्याच संध्याकाळी बाजूला ठेवली. एका स्तंभाचा पांढरा रंग नीट दिसायलाच मला दीड दिवस लागला.

आग्वाद निवडण्याचं कारण साधं. किल्ला १६१२ सालचा, पोर्तुगिजांनी बांधलेला, सगळा जांभ्याचा. त्या तांबड्या चिऱ्यांच्या तटात हा गोल, चार मजली, पांढरा स्तंभ उभा आहे. मागे आकाश, पलीकडे मांडवीचं मुख आणि अरबी समुद्र. चित्रकाराला आणखी काय हवं? किल्ल्याचं नावच पाण्यावरून पडलंय. अंगणाखालच्या टाक्यात २३,७६,००० गॅलन पाणी मावायचं आणि जहाजं इथे गोडं पाणी भरून पुढे जायची. १९७६ साली शेजारी नवं दीपगृह आलं आणि हा स्तंभ विझला. इथली मोठी घंटा त्याआधीच, १८७१ मध्ये, पणजीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये गेली. ती मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. पणजीत गेलात तर मान वर करून बघा.

डोंबिवलीहून निघाले, ठाण्याला कोकणकन्या पकडली, सकाळी थिवीला उतरले. तिथून म्हापसा आणि पुढे बसने कांदोळी. राहायला कांदोळीतच खोली घ्या, सामान घेऊन रोज पणजीहून ये-जा करणं जिवावर येतं. एक गोष्ट आवर्जून सांगते: तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन गाडीत नेऊ नका. ज्वलनशील पदार्थ रेल्वेत चालत नाहीत, विमानात तर नाहीतच. मी म्हापशात हार्डवेअरच्या दुकानातून छोटी बाटली घेतली आणि परतताना उरलेलं खोलीच्या मालकिणीला दिलं. जवसाचं तेल मात्र घरूनच नेलं होतं, घट्ट झाकणाच्या बाटलीत आणि दोन पिशव्यांत गुंडाळून.

वरचा किल्ला साधारण साडेनऊला उघडतो आणि संध्याकाळी सहाला बंद होतो. जाण्याआधी वेळा पुन्हा विचारून घ्या, कारण तुमचं सगळं चित्र त्यावर अवलंबून आहे. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास बुडतो. म्हणजे उन्हाचा सगळ्यात सुंदर तुकडा हाताशी येतो आणि शिट्टी वाजते. सकाळचं कोवळं ऊनही आत मिळत नाही. मी मग दिवसाचे दोन भाग केले: दहा ते साडेअकरा एक बोर्ड (म्हणजे ज्यावर चित्र काढते ती फळी), साडेचार ते पावणेसहा दुसरा. मधल्या वेळात तिथे बसू नये. वरच्या अंगणात सावली जवळजवळ नाही आणि जांभा तव्यासारखा तापतो. छत्री लागेलच, पण पांढरी किंवा करडी घ्या. रंगीत छत्रीचा रंग बोर्डावर उतरतो आणि सगळं मिश्रण चुकतं.

जागा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे. तीन पायांचा ईझल, म्हणजे चित्राची घोडी, मांडायचा असेल तर आधी परवानगीचं विचारून ठेवा. मी मांडीवर मावणारी लाकडी रंगपेटी नेली होती, तिच्याच झाकणात आठ बाय दहा इंचांचा बोर्ड अडकतो. वाटेत कुणाला अडचण नाही, आणि वाराही तिला पाडत नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तेव्हा त्याची किंमत कळते.

आता पांढऱ्याबद्दल. पहिल्या सकाळी मी टिटॅनियम व्हाइट जवळजवळ ट्यूबमधून निघाला तसाच लावला. स्तंभ कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसायला लागला. संध्याकाळचंही तेच. रात्री दोन्ही बोर्ड पंख्याखाली ठेवून बघत बसले आणि खूप वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी करड्या पुठ्ठ्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा कापला, मध्ये बोटाएवढं भोक पाडलं आणि भोकाच्या कडेला शुद्ध पांढऱ्याचा एक ठिपका लावला. हात लांब करून त्या भोकातून स्तंभ बघायचा आणि शेजारच्या ठिपक्याशी ताडून बघायचा. उन्हातली बाजूसुद्धा ठिपक्याहून गडद आणि पिवळसर निघाली. सावलीतली बाजू तर कितीतरी खाली. वर ती निळसर होती, कारण तिथे आकाशाचा उजेड पडतो. खाली जांभ्यावरून उसळलेला उजेड तिला तांबूस करत होता. एकाच भिंतीवर, दोन पुरुष उंचीच्या अंतरात, थंड आणि ऊबदार सावली.

तेवढ्यात शाळेची एक सहल आली. कोल्हापूरकडची मुलं होती. एक मुलगी माझ्यामागे उभी राहून बराच वेळ बघत होती.

"मावशी, हा पांढरा आहे की. तुम्ही जांभळा का लावताय?"

मी पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिने एक डोळा मिटून नीट बघितलं.

"अगं बाई, हा तर भाकरीसारखा दिसतोय!"

अगदी बरोबर शब्द. ज्वारीच्या भाकरीचाच रंग. उन्हातल्या भागासाठी मी तोच मिसळला: टिटॅनियम व्हाइट, कणभर यलो ऑकर (मातकट पिवळा), आणि तोही भडक वाटला तर सुईच्या टोकाएवढा अल्ट्रामरीन (गडद निळा). सावलीला अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा करडा, वर निळ्याकडे झुकलेला, खाली सिएनाकडे. शुद्ध पांढरा फक्त वरच्या कठड्याच्या एका कडेला, जिथे ऊन थेट आदळतं. बस्स, तेवढाच.

रेखाटनात एक चूक मी सगळीकडे बघते आणि पूर्वी स्वतःही केली आहे. गोल बुरुजाची जी वर्तुळं डोळ्यांच्या पातळीच्या वर आहेत ती वर फुगतात, खालची खाली. पातळीपासून जितकं दूर तितका बाक जास्त. कठडा सरळ रेषेत काढलात की बुरुज चपटा झालाच. आणि सर्वांत गडद सावली कडेला नसते, कडेपासून जरा आत असते. कडेला भोवतालचा उजेड वळून येतो.

मधल्या दुपारी पणजीला जा. फोंताइन्यश या जुन्या वस्तीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेकडे आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. गोव्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवलेले, १९३५ मध्ये वारलेले तैलरंगाचे मोठे चित्रकार. पांढऱ्या कपड्यातली सावली त्यांनी कशी धरली आहे ते जवळून बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माझा हात मोकळा झाला. प्रदर्शन उघडं आहे का, ते आधी फोन करून विचारा. वेळ उरला तर खालच्या आग्वाद तुरुंगातलं संग्रहालयही बघा. गोवा मुक्तिलढ्यातल्या कैद्यांच्या कोठड्या आहेत तिथे.

सामान आवरताना: तेलाची फडकी बोळा करून पिशवीत कोंबू नका. जवसाचं तेल वाळताना स्वतःच तापतं आणि बोळा पेट घेऊ शकतो. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. खोली दुसऱ्याची असते, हे विसरू नये. ओले बोर्ड नेण्यासाठी बाटलीच्या बुचाचे चार पातळ काप करायचे, एका बोर्डाच्या चार कोपऱ्यांत ठेवायचे, दुसरा बोर्ड तोंडाकडे तोंड करून त्यावर ठेवायचा आणि दोन्ही सुतळीने आवळायचे. रंग रंगाला लागत नाही.

अलिबागजवळच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याला जायचं म्हणत असाल तर तिथला १८६७ सालचा अष्टकोनी दीपस्तंभ अप्रतिम आहे आणि किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीतही आला. पण थळहून होडीने जावं लागतं आणि बेटावरचा वेळ होडीवाल्याच्या हातात असतो. तिथे पेन्सिल आणि वही न्या, तैलरंग थळच्या किनाऱ्यावर काढा.

माझे सहा बोर्ड झाले. पहिले दोन खरवडून टाकले, मधल्या दोघांत शिकले, शेवटचे दोन ठेवले. परतीच्या गाडीत बोर्डांची जुडी वरच्या बर्थवर उशाशी होती. घरी दमट हवेत वरचा थर हाताला न चिकटण्याइतका वाळायला अकरा दिवस लागले, पांढरे भाग सगळ्यांत शेवटी. वॉर्निश गणपतीनंतर लावेन.